धुलाईघरातली निळी बंडी

या, जवळ सरका. मागे बसलेल्यांनीही पुढे यावं. ही गोष्ट ओरडून सांगण्यातली नाही. चोरीची आहे खरी, पण तुम्हाला हसत घरी पाठवीन, हा माझा शब्द.

स्वीडनमधल्या उमेओ शहरातली तिंद्रा नोरेल जेमतेम विशीतली गायिका. आजवर दुसऱ्यांच्या मैफिलीआधी दोन-तीन गाणी म्हणून ती खाली उतरायची. त्या संध्याकाळी मात्र शहराच्या लोकभवनाच्या सभागृहात तिच्या स्वतःच्या नावाचा पहिला दौरा सुरू होणार होता. आणि भर दुपारी ती गुनिला हेलबेर्गच्या दारात रडत उभी!

गुनिला खाजगी गुप्तहेर. तिचा सोबती स्तूरे, निवृत्त बसचालक. कॉफीचा दुसरा कप होईपर्यंत कुठलंही कोडं थांबू शकतं, असं त्याचं मत.

"माझी निळी बंडी गेली," तिंद्रा हुंदका गिळत म्हणाली. "चर्चमध्ये मला गायला शिकवलं त्या सीसेलाने विणलेली. गेल्या हिवाळ्यात सीसेला वारली. पहिल्या मैफिलीत हीच घालीन, असा शब्द दिला होता तिला. बंडी नसेल तर मी रंगमंचावर पाऊल टाकणार नाही."

"गेली कुठून?"

"आमच्या इमारतीच्या सामाईक धुलाईघरातून. तिथं प्रत्येक घराची धुण्याची पाळी ठरलेली असते. सकाळी हातांनी धुतली, वाळवणीच्या कपाटात टांगली आणि तालमीला गेले. आमची पाळी संपायच्या आत परतणार होते, पण तालीम लांबली. आले तर कपाट रिकामं!"

तळघरातल्या धुलाईघराचं कुलूप शाबूत होतं. किल्ल्या फक्त तिथं राहणाऱ्यांकडे. फरशी इतकी लख्ख की स्तूरेने दारातच बूट काढले. गुनिलाने मात्र सरळ कचऱ्याच्या डब्यात हात घातला आणि निळ्या लोकरीच्या भुग्याचा गोळा बाहेर काढला.

"कचरा कसला गोळा करतेस?"

"ड्रायरच्या जाळीवरचा भुगा आहे, स्तूरे. ठेव खिशात."

एवढ्यात टोपली घेऊन मार्गारेता आली. नोरेलांच्या नंतरची पाळी तिची. तिचा आवाज ऐकला की सगळी इमारत श्वास रोखून धरी.

"मी आले तेव्हा खोली रिकामी होती. फरशी झाडलेली, जाळी पुसलेली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला कुणाला बोलायला काही सापडलं नाही! चुकल्याचुकल्यासारखं वाटतंय बघ."

"आणि कुणाचे कपडे राहिले असते तर?"

"ओलेच उचलून टोपलीत टाकले असते. वर माझ्या चार शब्दांची चिठ्ठी. दुसऱ्याचे कपडे वाळवत बसायला मी काय त्यांची आई आहे?"

वरच्या मजल्यावर तिंद्राचे वडील, उल्फ, दालचिनीचे पाव घेऊन बसले होते. "मी खाली गेलोच नाही. सकाळभर भट्टीसमोरून हललो नाही," ते म्हणाले. मग लेकीच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "विसर ती बंडी, पोरी. सापडली तरी आता काय उपयोग!"

बापाचं काळीज, स्तूरेच्या मनात आलं. त्याने पाव उचलला. बुडाला कोळसा झाला होता, पण त्याने निमूटपणे खाल्ला.

लोकभवनात व्यवस्थापक फाबियान वैतागलेला होता. कालच स्टॉकहोमहून येऊन हॉटेलात उतरला होता. "मी चोरली? अहाहा! मी असतो तर जाळलीच असती. चमचमता झगा आणलाय मी, आणि पोरगी म्हणते म्हातारीची बंडी घालणार!"

आज तिंद्राच्या आधी गाणारी एल्वीरा त्याच हॉटेलात राहत होती. मागच्या वर्षी मैफील तिची होती आणि आधी गायची तिंद्रा.

"जळतेस का तिच्यावर?" स्तूरेने भोळेपणाने विचारलं.

"जळते तर! पण जळणारी बाई बंडी चोरत नाही, वरचा सूर लावते. ऐकशीलच आज."

पडदा उघडायच्या आधी गुनिलाने सगळ्यांना मागच्या खोलीत जमवलं. मार्गारेताही आली, फुकट कॉफी होती.

"चोर ओली बंडी उचलतो आणि पळतो," गुनिला म्हणाली. "ही बंडी कुणीतरी ड्रायरमध्ये वाळवली. भुगा माझ्याकडे आहे. वर जाळी पुसली, फरशी झाडली. असा चोर देवाने अजून घडवलेला नाही. फाबियान, एल्वीरा, तुमच्याकडे किल्लीच नाही. मार्गारेताने ती ओलीच टोपलीत टाकली असती. मग उरतो कोण? ज्याच्याकडे किल्ली आहे, तिंद्राचं भलं व्हावं असं ज्याला वाटतं, आणि जो मार्गारेताला घाबरतो."

"तिला कोण घाबरत नाही?" स्तूरे पुटपुटला.

"पण भट्टीसमोरून न हललेल्या माणसाचे पाव कसे करपतात? आणि सापडली तरी उपयोग नाही, हे कुणाला ठाऊक असणार? ज्याने तिचं काय झालं ते पाहिलंय, त्यालाच. उल्फ, दाखव."

उल्फने कोटाच्या आतून बंडी काढली. ती आता जेमतेम एखाद्या बाहुलीला झाली असती. लोकर आटून पुठ्ठ्यासारखी झाली होती.

"पाळी संपत आली होती," ते खाली मान घालून म्हणाले. "मार्गारेता कधीही येईल, म्हणून बंडी ड्रायरमध्ये टाकली. खोली रिकामी करायची, एवढंच डोक्यात. लोकर आहे हे ध्यानातच आलं नाही. आणि मग... सीसेलाची वस्तू गं. कुठल्या तोंडाने सांगू?"

तिंद्राने बंडी हातात घेतली.  

मग तिने डोळे पुसले. "बाबा, सीसेला असती तर म्हणाली असती, बंडी आटली ना? पोरगी तर नाही ना आटली? चल, तू शेवटच्या रांगेत उभा राहा. मला तू दिसायला हवास."

पडदा उघडला. एल्वीराची गाणी झाल्यावर तिंद्रा आली ती साध्या सदऱ्यात. हातातली बंडी तिने माइकच्या दांडीवर चढवली, आणि भरल्या सभागृहाला सगळं सांगून टाकलं.

"धुलाईघरातली वेळ संपली म्हणून ज्यांनी कधी ओले कपडे घेऊन पळ काढलाय, त्यांनी हात वर करा!"

क्षणात हातांचं रान उभं राहिलं. तिसऱ्या रांगेत मार्गारेतानेही हात वर केला. हशा ओसरेपर्यंत तिंद्रा थांबली, मग तिने पहिला सूर लावला, आणि देवाशपथ सांगतो, असा सूर त्या भवनाने पूर्वी ऐकला नव्हता.

तर मंडळी, तुमच्यावरच्या मायेपोटी कुणी उद्या तुमचं काही बिघडवून ठेवलं, तर रागवण्याआधी उल्फ नोरेलला आठवा. शेवटच्या रांगेत, दोन्ही हात वर करून रडत उभा असलेला तो बाप एवढा लक्षात ठेवा.