सांदवाडीतली मंडई

दिवाळी सरली आणि धान पिवळं पडलं की भंडारा जिल्ह्यात गावोगावच्या मंडया सुरू होतात. आज या गावची, उद्या त्या गावची. दुकानं, पाळणे, ढोलाच्या तालावर नाचणारी सोंगांची दंडार... आणि सगळ्या गर्दीआडून चाललेली लग्नाच्या पोरापोरींची चोरटी पाहणी. करडीच्या रुखमिणीबाईनं कोंढ्याहून आपल्या बहिणीची लेक बोलावून घेतली, ती उगाच नाही. "मंडई पाहाले ये," असं पोरीला सांगितलं. मंडईनं पोरगी पाहावी, हा खरा बेत.

पोरीचं नाव कामिनी. तिला तो बेत पहिल्याच दुपारी कळला. ओसरीवर दोन अनोळखी बाया चहा पीत तिला अशा न्याहाळत होत्या, जशी बाजारात गाय न्याहाळतात. दात तेवढे मोजायचे राहिले होते.

"मावशी, भाजीवर टाकाले सांबार नाही दिसत," म्हणत ती झटकन उठली. "आणू का?"

"ललिताबाईच्या सांदवाडीतून आण. पण इचारून तोडजो वो! नाही त माही सात पिढ्यांची लाज काढते ते बाई."

ललिताबाईचं पुढचं दार बंद होतं. कामिनीनं दोनदा कडी वाजवली, मग घरामागच्या सांदवाडीच्या कुंपणातली फट शोधली आणि आत शिरली. ऊन कोवळं होतं. कापलेल्या धानाचा गोडसर वास होता. तिनं वाकून सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, वाफ्यात हात घातला, तोच—

"जडासकट नोको उपडू!"

ती दचकून मागं वळली. जामाच्या झाडाखाली खाट होती, खाटेवर एक पोरगा. भर दुपारी डोक्यावर लोकरीची टोपी, तोंडावर मास्क. डोळे तेवढे उघडे... आणि ते डोळे हसत होते.

"तू कोण?" कामिनीनं दरडावलं. "चोरासारखा बसला हायस!"

"चोर मी? सांबार कोणाच्या हातात हाय?"

तिनं हात पाठीमागं लपवला. तो आणखीच हसला.

"मी अश्विन. ललिताबाईचा."

"खोटं. अश्विन पुण्याले हाय, कंपनीत. मावशी सांगत होती, मोठा साहेब झाला म्हणून."

"हो न. हे पुणंच होय." त्यानं खाटेवर हात थोपटला. "हवा चांगली हाय इथली."

कामिनी खुदकन हसली. मग तिला दिसलं, त्याला भुवया नव्हत्या. दंडावर पट्टी, पट्टीखाली नळी. हसू ओठावरच थिजलं.

"काय झालं तुले?"

"रक्ताचा कॅन्सर." खोकला झाला म्हणावं तसा तो म्हणाला. "नागपूरले इलाज चालू हाय. मधात चार दिवस घरी सोडतात. पण कोणाले बोलू नोको. माह्या बहिणीचं, डिंपलचं साक्षगंध झालं हाय. सासरच्यांले कळलं का यांच्या घरी असा आजार हाय, त... माय म्हणते, पोरीचं लग्न लागेपर्यंत तू पुण्यालेच हायस."

दूर चौकात दंडारीची तालीम चालली होती. ढोल घुमत होता. अश्विनचा पाय खाटेखाली आपोआप हलत होता.

"यंदा राधा कोण बनते?" त्यानं विचारलं.

"एक मिशीवाला हाय."

"भुपेंद्र! मिशी नाही काढली बेट्यानं?"

"वरून पावडर लावली."

तो इतका हसला की त्याला धाप लागली. कामिनी घाबरून जवळ आली, आणि धाप सरली तरी जवळच उभी राहिली. दूर व्हायचं तिला सुचलं नाही... की सुचू द्यायचं नव्हतं, कोण जाणे.

त्या दिवसापासून रुखमिणीबाईच्या घरी सांबार फार लागू लागला.

दुपारी कामिनी कुठल्या ना कुठल्या गावची मंडई पाहून यायची आणि दिवस कलायच्या आत कुंपणातून शिरून ती सगळी अश्विनसमोर मांडायची. पाळण्यात ओकलेली बाई, जावयावर रुसलेला सासरा, बांगडीवाल्यानं धरलेलं मनगट.

"मनगट धरलं?" अश्विनच्या डोळ्यांतलं हसू गेलं.

"बांगडी काय डोक्यावरून घालते?"

"कोणत्या हाताचं?"

"काहून? तुले काय करायचं हाय?"

"सहज," तो म्हणाला आणि जामाच्या पानाकडे बघू लागला. टोपीबाहेर आलेले कान मात्र लाल झाले होते. पांढरट कातडीवर ते लालपण लपलं नाही, आणि कामिनीला त्या रात्री मावशीच्या सगळ्या गोष्टी ऐकूच आल्या नाहीत.

बाहेरचं काही खायला त्याला मनाई होती. म्हणून जलेबीसुद्धा ती त्याला तोंडानंच सांगायची. कढईत पडली, फुगली, पाकात बुडाली, आता दाताखाली फुटली...

"हळू सांग न," तो डोळे मिटून म्हणायचा. "घाईघाईनं नोको खाऊ घालू."

एकदा ललिताबाई मागून येऊन उभी राहिली. बाई काटक, कपाळ रिकामं, पदर कमरेला घट्ट खोचलेला. नवरा गेल्यावर एकटीनं धानाची शेती ओढली, पण कोणाच्या दारी विळा मागायलासुद्धा गेली नाही, अशी तिची ख्याती.

"काय वो पोरी, तुह्या मावशीच्या घरी म्हशीले सांबार चारते का?"

कामिनी ताडकन उठली. ललिताबाईनं लेकाकडे पाहिलं. किती दिवसांनी त्याचा चेहरा असा खुललेला दिसत होता! तिनं मान फिरवली.

"येते त दारानं ये. कुंपण मोडू नोको. आन तोंड शिवून ठेवजो."

करडीची मंडई आली, त्याच्या आदल्या दुपारी अश्विनच्या नाकातून रक्त आलं. थांबेना. त्याच्या जिवलग दोस्तानं, निकेशनं, जीपच्या काचांना चादरी लावल्या आणि त्याला व ललिताबाईला नागपूरला नेलं. चादरीआडून अश्विननं कामिनीकडे पाहिलं. हात उचलायला गेला, तेवढ्यात जीप हलली.

दुसऱ्या दिवशी ललिताबाई परतली, कारण मंडईच्या दिवशी घर बंद दिसलं असतं तर गावानं विचारलं असतं. तिला सोडायला आलेल्या निकेशनं कामिनीला सगळं सांगितलं. प्लेटलेट पडल्या आहेत. डॉक्टर म्हणतात रक्त देणारी माणसं आणा. रोज लागतील. त्यानं स्वतःचं नुकतंच दिलं, आता त्याचं घेत नाहीत. कामिनी म्हणाली होती, माहं घ्या. पण ती पडली काडीसारखी, अंगात रक्त कमी. तिचंही चालणार नव्हतं.

ती ललिताबाईपुढे उभी राहिली.

"काकू, गावाले सांगा."

"काय सांगू? माह्या पोराले भीक घाला म्हणू?" ललिताबाई पिशवीत कपडे कोंबत होती. "डिंपलचं लग्न मोडलं त तू लावून देशील?"

"नाही. पण अश्विन..."

"त्याचं नाव घेणारी तू कोण वो? कोण लागते त्याची?"

हाच प्रश्न कामिनीनं स्वतःला रात्रभर विचारला होता.

"कोणीच नाही," ती हळूच म्हणाली. "म्हणून मले लाज बी नाही वाटणार."

आणि ती चौकाकडे निघाली. हरवलेल्या पोरांची नावं सांगणाऱ्या माणसाच्या हातून तिनं माईक घेतला. पलीकडे मावशी कपाळाला हात लावून उभी, आणि तिच्या शेजारी त्याच दोन अनोळखी बाया.

"ललिताबाईचा अश्विन पुण्याले नाही," ती म्हणाली. "नागपूरले दवाखान्यात हाय. त्याले कॅन्सर हाय. त्याले... रक्त पाहिजे. आजच पाहिजे."

ढोल थांबला. गर्दीतून वाट काढत ललिताबाई येताना दिसली आणि लोकांनी श्वास रोखला. आता ही बाई पोरीच्या मुस्काटात देते! ती आली. कामिनीच्या हातून माईक काढून घेतला. गर्दीकडे वळली.

"ऐकलं न?" ती कडाडली. "मंग उभे काहून हाये? गाडीत बसा!"

पहिला भुपेंद्र बसला. राधेचं लुगडं, गालाला लाली, पावडरीखाली मिशी. त्याच्यामागे ढोलवाला, मग बांगडीवाला, मग जीपमध्ये जागाच उरली नाही. नागपूरच्या दवाखान्यात त्या राधेकडे पाहून नर्स तोंडाला रुमाल लावून हसली, आणि अश्विननं ते ऐकलं तेव्हा म्हणे, तोही हसला.

पुढचं गावानंच ठरवलं. तलावाचं पाणी धानाला मिळतं ते टोलीटोलीनं, वस्तीच्या पाळीपाळीनं, आज यांच्या बांधीत तर उद्या त्यांच्या. तशीच रक्ताची वाटणी लावली. वाटणी करायला बसली ललिताबाई, कारण कोणाच्या घरी कोण धडधाकट आणि कोण नुसतं कण्हतं, हे तिच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. "तू नोको सांगू मले चक्कर येते म्हणून. काल दोन ताटं भात खाल्ला तेव्हा नाही आली?"

डिंपलचं लग्न मोडलंच. सासरच्यांनी साडी परत पाठवली. डिंपलनं कामिनीशी बोलणं टाकलं, आणि कामिनीनं ते मुकाट्यानं सोसलं. कोंढ्याहून तिच्या आईचे फोन यायचे, "आता तुले कोण करीन वो?" ते बंद व्हायचे आणि पुन्हा यायचे. त्या दोन बाया तर पुन्हा फिरकल्याच नाहीत. कामिनी नागपूरला लांबच्या आत्याकडे राहू लागली. रोज दवाखान्याच्या फाटकाशी करडीच्या जीपची वाट पाहायची, उतरलेल्यांना वर न्यायची, आणि मग काचेच्या दाराच्या आत मास्क लावून अश्विनशी बोलत बसायची.

थंडीत त्याच्या चेहऱ्यावर थोडा रंग चढला. डोक्यावर कोवळी लव आली. "पाह्य," तो म्हणाला, "रोवणी झाली." तिनं हात फिरवला. त्यानं डोळे मिटले. त्या दिवशी दोघांनीही फार पुढच्या गोष्टी केल्या... घर, बांधी, तुमसरच्या मिलमधली नोकरी.

होळीच्या सुमाराला आजार उलटला. या वेळी डॉक्टर ललिताबाईला बाजूला घेऊन बोलले.

त्या संध्याकाळी अश्विन म्हणाला, "तू आता कोंढ्याले जा."

"काहून?"

"मले आवडतेस म्हणून."

कामिनी त्याच्याकडे बघतच राहिली. "हे... हे आता सांगून राहिला?"

"आधी सांगितलं असतं त तू थांबली असती."

"न सांगता बी थांबलीच न मी! किती हुशार तू!" ती रागावली, तरी आवाज फुटला. "मले बी सांगू दे मंग. मले तू आवडला, त्या पहिल्या दिवशी. तू हसला न, तवाच."

"मास्कातून?"

"मास्कातून."

त्यानं उशीवरची बोटं जरा सरकवली. तिनं त्यावर आपली ठेवली. इतकंच. बाहेर शिरीषाची वाळकी शेंग वाऱ्यानं वाजत होती.

दोन दिवसांनी, सकाळी, तो गेला. आई एका बाजूला, कामिनी दुसऱ्या बाजूला. कुणी मोठ्यानं रडलं नाही.

"तुम्ही कोण त्यांच्या?" नव्या नर्सनं कामिनीला विचारलं.

"तुले काय करायचं हाय?" ललिताबाई म्हणाली. "राहू दे तिले इथंच."

तेवढ्यात कामिनीचा फोन वाजला. निकेश होता. आजची टोली घेऊन निघाला होता, मौद्याजवळ पोचला होता, आणि बातमी त्याला तिथंच कळली होती.

"कामिनी... गाडी फिरवू का वापस?"

ललिताबाईनं तिच्या हातून फोन घेतला.

"कायले वापस? बाजूच्या खाटेवर गोंदियाकडची पोरगी हाय, तिच्या मागं कोणीच नाही. ये." आवाज एकदाच चिरकला. "अश्विनले आता घाई नाही, बाप्पा. तिले हाय."

कामिनी फाटकाशी जाऊन उभी राहिली. जीप आली. सगळ्यात आधी उतरला धनीराम, खालच्या टोलीतला. त्याला मान वर करवेना. त्यानं नुसती सदऱ्याची बाही वर दुमडली आणि तिच्यासमोर उभा राहिला.

तेव्हा कुठे कामिनी रडली. फाटकाच्या गजाला धरून, लहान पोरीसारखी.

मागून ललिताबाई आली. पाठीवर हात ठेवला, आणि काढला नाही.

"रड," ती म्हणाली. "रडून घे. आन मंग त्याहिले काहीतरी खाऊ घाल. उपाशीपोटी रक्त नाही घेत ते लोकं."