लाल दोऱ्याचा एक नंबर

माझा राखाडी मफलर एका परक्या माणसाच्या गळ्यात दिसला आणि माझं डोकंच फिरलं. नोकरीचा दुसराच आठवडा होता. सकाळच्या धुक्यात, हातात कॉफीचा मग घेऊन, तो मैदानावरून असा निवांत चालला होता की जणू मफलर त्याच्या आईनेच विणलाय!

"अहो, ऐकलंत का—" मी हाक मारली आणि लगेच जीभ चावली. व्हायचं ते झालंच. मागे रांगेत उभ्या असलेल्या माझ्या मुली फिदीफिदी हसल्या.

तो थांबला. कान लाल झालेले.

"तो मफलर माझा आहे," मी म्हणाले.

त्याने मफलरचं टोक उलटून पाहिलं. "एक नंबर. म्हणजे माझाच."

आमच्या शाळेत दोन्ही वसतिगृहांचे कपडे एकाच धोबीघरात जातात. मुलींच्या कपड्यांवर लाल दोऱ्याने नंबर शिवतात, मुलांच्या कपड्यांवर हिरव्या. मी मुलींची रेक्टर, तो मुलांचा, शिवाय केमिस्ट्रीचा शिक्षक. दोघांचाही नंबर एक.

"दोरा बघा ना! लाल आहे!"

"असेल..." तो खाली बघत म्हणाला. "मला लाल-हिरवं सारखंच दिसतं हो."

इतका गरीब चेहरा केला की मलाच ओशाळल्यासारखं झालं. मीच सॉरी म्हणाले. माझाच मफलर, आणि सॉरी मीच!

त्यानंतर जवळजवळ दर गुरुवारी, धुतलेले कपडे घ्यायच्या दिवशी, काहीतरी चुकायचं. धोबीघरात आमचे गठ्ठे शेजारशेजारच्या फळीवर असत. कधी माझी शाल, कधी टोपी त्याच्याकडे जायची, कधी त्याचे निळे मोजे माझ्याकडे निघायचे. मी धोबीकाकांच्या नावाने बोटं मोडायची आणि संध्याकाळ व्हायची वाट बघायची. तो अदलाबदल करायला आमच्या वसतिगृहापाशी यायचा, पण पायरीच्या वर चढायचा नाही. मुली आत अभ्यासाला बसलेल्या, म्हणून मीही खाली उतरायची नाही. तो खालच्या पायरीवर, मी वरच्या. तेवढीच दहा मिनिटं.

"तुमची ती रडकी मुलगी आता जेवते का नीट?"

"जेवते. आणि तुमचा तो घरी पळून जाणारा?"

"काल परत निघाला होता. फाटकापर्यंत सोबत गेलो. तिथून स्वतःच म्हणाला, सर, चला परत... थंडी वाजतेय."

दोनशे मुलांच्या गलक्यात राहूनही आपण किती एकटे असतो, हे मला त्या पायरीवर कळलं. आणि आठवड्यातले बाकीचे सहा दिवस ते जास्तच कळायला लागलं.

बघता बघता हिवाळ्याची सुट्टी आली. खोल्याखोल्यांतून ट्रंका उघड्या पडल्या, गाद्या गुंडाळल्या गेल्या. माझी नेमणूक एकाच सत्राची होती. 'पुढच्या सत्राला येणार की नाही, ते बस सुटायच्या आत लिहून द्या,' म्हणत प्राचार्यांनी कागद हातात ठेवला. आईने घराजवळच्या शाळेत जागा बघूनच ठेवली होती. "लोकांच्या पोरी किती दिवस सांभाळणार आहेस, बाई?" हे तिचं रोजचं.

त्या गुरुवारी मी त्याला सगळं सांगितलं.

"चांगलंच आहे की," तो म्हणाला. "घरचं जेवण मिळेल."

घरचं जेवण! चार महिने या माणसाची वाट बघितली, आणि त्याला माझं जेवण सुचलं! मी आत गेले आणि दार जरा जोरातच लावलं.

निघायच्या आदल्या दिवशी मी ट्रंकांना चिठ्ठ्या लावत होते. एवढ्यात अकरावीतली एक मुलगी प्रॅक्टिकलची वही नाचवत आली.

"ताई, केमिस्ट्रीच्या सरांनी अर्धा मार्क कापला! मी लिहिलं ज्योतीचा रंग हिरवा, तर म्हणतात हिरवा नाही, पोपटी म्हण!"

"कोणते सर?"

"म्हणजे काय! आपल्याकडे एकच तर आहेत."

मी ट्रंकेवरच बसले.

सकाळी बसपाशी नुसता गोंधळ. धोबीकाका उरलेले गठ्ठे चढवत होते. तो मुलांची यादी तपासत उभा होता. मी तडक गेले आणि मफलरचं टोक त्याच्या नाकासमोर धरलं.

"हा दोरा कुठल्या रंगाचा?"

"मॅडम, मला..."

"पोपटी आहे का?"

त्याचा चेहरा पार उतरला. "लाल," तो हळूच म्हणाला. "पहिल्या दिवशी दोरा न बघताच घातला होता. लाज वाटली, म्हणून थाप मारली. मग म्हटलं... थाप कामाची आहे. शाल मीच नेली. टोपीही."

"आणि मोजे?"

"मोजे? नाही हो, मोजे मी कशाला..." तो थांबला. माझ्याकडे बघत राहिला.

मी एकदम बसची चाकं बघायला लागले.

"बास झालं!" धोबीकाकांनी गठ्ठा आपटला. "तीस वर्षांत माझी चूक एकदाच झाली, त्या मफलरची. पुढची सगळी बिलं माझ्या नावावर फाडलीत होय रे तुम्ही!"

तो हसला नाही. एक पाऊल जवळ आला.

"घरच्या जेवणाचं मी खोटं बोललो," तो म्हणाला. "तू गेलीस तर मला इथे करमणार नाही. परत ये. माझं प्रेम आहे तुझ्यावर... हे पहिल्याच गुरुवारी सांगायला हवं होतं."

बसने हॉर्न दिला. मी काकांच्या गठ्ठ्यावर प्राचार्यांचा कागद ठेवला, 'येणार' लिहिलं, खाली सही केली. गठ्ठा मऊ, म्हणून अक्षर वाकडं आलं. कागद त्याच्या हातात दिला आणि मफलर काढून त्याच्या गळ्यात घातला.

"आईला काय सांगशील?" त्याने विचारलं.

"खरं तेच. थापा मारणं तुमचं काम."

बस फाटकापाशी वळली. तो तिथेच उभा होता, कागद दोन्ही हातांनी धरून. मी खिडकीची काच सरकवली, डोकं बाहेर काढलं आणि सगळ्या मुलींच्या देखत ओरडले,

"अहो, ऐकलंत का!"

या वेळी जीभ चावली नाही.