सहावं नाणं

दुपारचं जेवण झालं आणि इसाबुरोने नाण्यांचे सातही खण ठेंगण्या मेजावर मांडले. बाहेर बर्फ पडत होता. उद्या हे घर कायमचं बंद करून त्याला ओसाकाला, मुलीकडे राहायला जायचं होतं.

"बाबा, माझ्या घरात तुम्हाला जागा आहे, तुमच्या सात खणांना नाही," फुसाए म्हणाली. "एक ठेवा, बाकीचे विका. आणि दारात बूट भिरकावता ना, ते तिथे चालायचं नाही हं."

"तुझी आई होती तेव्हा..."

"आई वळवून ठेवायची. माहीत आहे."

त्याच्या बायकोला, शिगेनोला जाऊन आठ वर्षं झाली होती. चाळीस वर्षं ती त्याचे बूट दाराकडे तोंड करून ठेवत आली. निघताना त्याने नुसते पाय घालायचे.

नाण्यांचा व्यापारी कुरामोची समोर बसला होता. ठेवायची ती डावीकडे, विकायची ती उजवीकडे. चौकोनी भोकाची जुनी नाणी इसाबुरो एकेक करून उजवीकडे सरकवत होता. शेवटच्या खणातल्या एका नाण्याशी त्याचा हात थबकला.

"हे द्या आजोबा. या एकट्याचे बाकी सगळ्यांइतके देतो," म्हणत कुरामोचीने ते उचललं. "अरे, ओलं आहे की."

त्याने पुसून परत ठेवलं. थोड्याच वेळात खणाचं कापड भिजून काळं पडलं. खोलीत नदीच्या गाळाचा वास आला... गार, जुना.

"हे विकायचं नाही," इसाबुरो म्हणाला.

"मग ठेवणार?"

"ठेवायचंही नाही."

"तिसरी बाजू कुठून आणू, आजोबा?" कुरामोची हसला. विकायचे खण घेऊन तो निघाला. फुसाए त्याला गाडीपर्यंत सोडायला गेली.

घर शांत झालं. इसाबुरो ते नाणं मुठीत धरून बसून राहिला.

मेलेल्या माणसाला पलीकडची नदी ओलांडायला सहा नाणी लागतात. दहनाला नेण्याआधी शिगेनोच्या गळ्यातल्या पिशवीत त्याने आपल्या हाताने सहा घातली होती. पण शेवटच्या क्षणी त्यातलं हे दुर्मीळ नाणं त्याने काढून घेतलं आणि खिशातलं पाच येनचं टाकलं. त्यालाही भोक असतंच, कोण बघतंय... असं त्याला तेव्हा वाटलं होतं. आठ वर्षं ती काठावर थांबली असेल. आणि उद्यापासून तिला परत यायला हे घरही उरणार नव्हतं.

देवघरात तिच्या फोटोपुढे त्याने उदबत्ती लावली आणि नाणं ठेवलं.

"चुकलं माझं," तो पुटपुटला. "हे घे... आणि जा आता."

त्याने डोळे मिटून कपाळ जमिनीला टेकवलं. बराच वेळ तो तसाच होता. मान वर केली तेव्हा नाणं नव्हतं. त्याच्या जागी पाच येनचं एक नाणं होतं. जळून काळं पडलेलं, कोरडं.

त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. सुटली बिचारी.

दार सरकल्याचा आवाज आला. फुसाए अंगावरचा बर्फ झटकत होती.

"बाबा," ती दारातूनच म्हणाली, "बघा, इतक्या वर्षांनी शिकलात एकदाचे."

"काय?"

"बूट. किती नीट वळवून ठेवलेत."

इसाबुरो हळूहळू दारापर्यंत आला. त्याचे बूट जोडीने, दाराकडे तोंड करून ठेवलेले होते. जेवणानंतर तो दाराकडे फिरकलाच नव्हता.

तो वाकला. बुटांना नदीच्या गाळाचा वास येत होता. ते ओले होते, आणि आतून उबदार.