सावळदऱ्यातली शिंक

सावळदऱ्यात कुणी शिंकलं की लोक दार उघडून बाहेर बघत. खरं तर बघायची गरज नसे. सगळ्या गावात शिंकणारं माणूस एकच उरलं होतं, ते म्हणजे द्वारकाबाई.

गाजरगवताला फुलोरा आला होता. शाळेच्या कुंपणापासून थेट टेकडीपर्यंत सगळं पांढरं दिसत होतं. पूर्वी या दिवसांत निम्मं गाव खाजवत बसे, कोपरांच्या आतली कातडी जाड आणि काळी पडे, म्हाताऱ्यांना दम लागे. आता मुलांना हे सांगून खरं वाटत नसे. गाव रोज सकाळी पेलाभर शमदूध पीत होतं.

शमदूध शोधून काढलं द्वारकाबाईंच्या मुलानेच, डॉ. भागवतने. कल्पना साधी होती. शरीराला स्वतःचा रखवालदार असतो. ॲलर्जी म्हणजे त्याने निरुपद्रवी पाहुण्यावर केलेला आरडाओरडा. भागवतने म्हशींना गाजरगवताच्या परागांचा अर्क थोडा थोडा टोचला. त्यांच्या रक्तात परागांना धरून ठेवणारी प्रतिपिंडे तयार झाली आणि ती दुधात उतरली. असं दूध पिणाऱ्याचा रखवालदार हळूहळू परागांना सरावे आणि एक दिवस ओरडेनासा होई. दूध उकळलं की गुण जातो म्हणून कोमटच प्यायचं, एवढंच पथ्य.

आणि जिच्यासाठी हे सगळं केलं, तीच ते पीत नव्हती.

भागवत शहरातून किटली घेऊन आला तेव्हा द्वारकाबाई नाकाला फडकं बांधून अंगणाबाहेरचं गवत उपटत होत्या. श्वासाबरोबर छातीतून शिट्टी वाजत होती.

"आई, आत चल. डोळे बघ, टोमॅटोसारखे झालेत."

"झालेत, पण त्यांना दिसतंय. तुझे चांगले आहेत, त्यांना काही दिसत नाही."

"मागच्या महिन्यात तुला दवाखान्यात न्यावं लागलं. पुन्हा तसा दम लागला तर काही सांगता येत नाही म्हणाले. एक पेला घे. माझ्यासाठी."

"घेतला की. चांगली दोन वर्षं प्यायले. झोप लागायला लागली, तुझ्या नावाने शेजारणींना पेढे वाटले."

"मग सोडलंस का?"

त्या उपटलेल्या ढिगावरच बसल्या. "एकदा पायरीवर चहा पीत होते. फटीतून हे उगवलं होतं, माझ्या गुडघ्याला टेकलेलं. मी रोज तिथंच बसायची रे! खाज नाही, शिंक नाही, म्हणून ते दिसलंच नाही, हात उठलाच नाही माझा. मग मान वर करून बघितलं, तर आपल्या ज्वारीच्या जागी सगळं हेच."

भागवतला ते ठाऊक होतं. गाजरगवतातून जमिनीत असा रस झिरपतो की शेजारी दुसरं बी नीट रुजत नाही. "तो वेगळा प्रश्न आहे, आई."

"वेगळा कसा? तुझा रखवालदार पाहुण्यावर नव्हता ओरडत, चोरावर ओरडत होता. तू चोराला घरात ठेवलंस आणि याचं तोंड बांधलंस."

"शास्त्रात ते तसं नसतं."

"नसेल. शेतात असतं."

भागवतने किटली खाली ठेवली. ज्या गोष्टीसाठी तो धास्तावला होता ती आता सांगणं भाग होतं. "शमदूध काढणाऱ्या डेअरीने तुझी तक्रार केलीय. म्हशींसाठी पराग लागतात, म्हणून ओढ्याकाठी त्यांनी गवत लावलंय. तू त्यातलं उपटलंस."

"लावलंय? गाजरगवत?" त्या इतक्या हसल्या की खोकल्याची उबळ आली. "म्हणजे आता उपटणारी चोर! बंद कर ते दूध."

"नाही करता येत." भागवत जमिनीकडे बघत बोलू लागला. "पूर्वी गवत बांधावर होतं, आता सगळीकडे आहे. दूध थांबलं की रखवालदार पुन्हा जागे होतील. थोरल्यांना सोसेल. पण लहान मुलं यातच जन्मली आहेत. एवढ्या परागांत त्यांना दम लागला तर..."

"म्हणजे दुधासाठी गवत आणि गवतासाठी दूध."

"हो."

द्वारकाबाईंनी फडकं सोडून नाक पुसलं. "थोरल्यांना सोसेल म्हणालास ना? मग तू सोड."

"मी?"

"पोरांना पाजा खुशाल. पण मोठी माणसं खाजवायला लागली की उपटतील. गवत सरलं की मग पोरांचंही थांबव. मी एकटी आहे तोवर म्हातारी वेडी झालीय म्हणतात. दोघं असलो तर विचार करतील."

जाताना भागवतने किटली तेवढी परत नेली.

काही आठवड्यांनी, फुलोरा भरात असताना, सावळदऱ्यात शिंक ऐकू आली. दारं उघडली. ही शिंक द्वारकाबाईंची नव्हती. शाळेच्या कुंपणाशी भागवत उभा होता, मनगटांवर लाल चट्टे आणि डोळ्यांतून पाणी. हात पेटल्यासारखे खाजत होते आणि कित्येक वर्षांनी त्याला ते गवत दिसत होतं. भिंतीच्या भेगांत, छपरावर, विहिरीच्या काठावर. त्या पांढऱ्यात बसून मुलं डबा खात होती. कुणाचं नाकही वाहत नव्हतं.

पलीकडे त्याची आई वाकून उपटत होती. तोही वाकला. पहिलं झुडूप मुळासकट आलं.

केसांत त्याच फुलांचा गजरा माळलेली एक मुलगी पळत आली. "काका, नका ना! आमची फुलं आहेत ती!" आणि ती रडायला लागली.

भागवतचा हात थांबला.

"रडू दे," द्वारकाबाई म्हणाल्या आणि त्यांनी पुढचं झुडूप धरलं. "तू उपट."