वळणापलीकडची शाळा

थोरा क्वामेच्या धाकट्या भावाची कबर नव्या नकाशावर आणायची, यासाठी आम्ही तिघं निघालो होतो. वसंतात धरणाचं पाणी कॅनडातल्या सस्कॅचेवानच्या या गव्हाच्या शेतांत शिरणार होतं. नकाशावर असतील तेवढ्याच कबरी उंचावर हलवणार होते, आणि छोट्या हाल्वोरची कुठल्याच नकाशावर नव्हती. जुन्या नकाशावर तिच्याजवळच्या शाळेचा काळा चौकोन तेवढा होता. नकाशा दुरुस्त करण्याचं काम माझं. गाडी थोराचा भाचा आल्डेन चालवत होता.

बर्फ पडू लागला.

"परत फिरूया का, आत्या?"

"तू फीर. मी चालत जाईन."

"या वयात?"

"तुझ्यापेक्षा बरी चालते!"

मग वारा सुटला. कुंपणाचे खांब दिसेनासे झाले. आल्डेन उत्तरेकडे नाकासमोर गाडी हाकत राहिला, इथे सगळेच हाकतात तशी. पण पृथ्वी गोल आहे. जमीन मोजणीच्या ज्या रेषांवर हे रस्ते आखलेत, त्या उत्तरेकडे एकमेकींजवळ येत जातात, म्हणून दर काही मैलांनी सगळे रस्ते थोडे पश्चिमेला सरकवलेले असतात. ते वळण मला नकाशावर दिसलं.

"आल्डेन, डावीकडे!"

उशीर झाला होता. गाडी उतारावरून घसरली. खाली कडाडकन आवाज झाला. गोठलेलं तळं!

"उतरा! पालथे पडा!" आल्डेन ओरडला.

आम्ही सरपटत काठाला लागलो. मागे गाडी बुडाली. तिचे दिवे पाण्याखाली थोडा वेळ तसेच जळत राहिले.

"हाल्वोर इथेच सापडला," थोरा म्हणाली. "तोही सरळच आला. वादळात त्याला दिशा कळावी म्हणून शाळेची घंटा मी वाजवत होते. तळहात सोलले, तरी दोर ओढत होते." तिने मान वळवली. "ऐका. वाजतेय."

"आत्या, ती घंटा केव्हाच वितळवली."

"मग ऐकू कशी येते, शहाण्या?"

मला फक्त वारा ऐकू येत होता. नकाशात शाळा तळ्याच्या पश्चिमेला, उंचवट्यावर होती. मी होकायंत्र काढलं. थोराचं बोट नेमकं तिकडेच होतं.

"हात सोडू नका!"

पायांना चढ जाणवला. अजून चढ. आणि माझा चेहरा काटक्यांत घुसला. शाळेभोवतीचं झुडपांचं कुंपण! शाळा गेली होती, पण झुडपं उरली होती. त्यांच्या आडोशाला वारा एकदम अडला. आल्डेनने बुटाने बर्फ उकरला. खाली दगड होता, त्यावर हाल्वोरचं नाव.

बधिर बोटांनी मी नकाशावर बारीक क्रूस काढला आणि थोराला दाखवला.

वारा पडेपर्यंत आम्ही एकमेकांना बिलगून बसलो. दूरवर शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरचा दिवा दिसला, तेव्हा आल्डेन ओरडत उठला. थोरा मात्र घंटेकडे कान देऊन बसून राहिली.

"थांबली," ती म्हणाली.