कोड्यापुरता फोन

“अगं, पण मी अजून प्रश्न वाचलाच कुठे?”

मास्तरांचे हे शब्द कानावर पडले आणि स्वयंपाकघरात कपबश्या विसळणाऱ्या थोरलीच्या काळजात धस्स झालं! फोन नेहमीसारखा स्पीकरवर होता. पलीकडे धाकटी होती, दातांची डॉक्टर, दुसऱ्या गावी दवाखाना थाटलेली. मास्तर डोळ्यांशी भिंग धरून शब्दकोड्यातला अडलेला प्रश्न वाचायच्या बेतात होते, तेवढ्यात त्यांना खोकल्याची उबळ आली, आणि या बाईला कसली घाई! “यवनिका, बाबा! आणि दुसरा शब्द पाडस. ठेवू का? पेशंट आ करून बसलाय खुर्चीत!” असं एका दमात बोलून ती मोकळी झाली होती!

“बाबा... मी नंतर करते हं,” असं काहीतरी पुटपुटून धाकटीने फोन ठेवला. मास्तरांनी भिंग खाली ठेवलं. ‘थोरले’ अशी हाक आता येईल, मग येईल, म्हणून थोरली नळाखाली तीच कपबशी पुन्हा पुन्हा धूत राहिली. हाक आलीच नाही.

संपलं सगळं! तिच्या मनात आलं. आता हे फोन बंद होणार...

त्या फोनसाठी तिने काय नव्हतं केलं! धाकटीने घरात कुणाला न सांगता आपल्याबरोबर शिकणाऱ्या मुलाशी लग्न केलं, त्या दिवशी मास्तरांनी तिचं नाव टाकलं. पाच वर्षं! एवढ्याशा घरात तिच्या नावाचा उच्चारसुद्धा नाही. बाप तोंडाने कठोर, पण आतून झुरणारा; रोज पोस्टमनची चाहूल लागली की मान उंचावणारा. थोरलीला दोघांचंही मन कळत होतं, आणि दोघंही हटवादी! अशात मास्तरांची नजर अधू झाली. सकाळचं कोडं सोडवणं हा त्यांचा जन्माचा नेम, म्हणून थोरली प्रश्न वाचायची, मास्तर उत्तर सांगायचे, ती चौकोन भरायची. एका सकाळी दातांच्या दुखण्यावरचा एक प्रश्न अडला. थोरलीला तो येत होता. पण ती काय म्हणाली? “मला नाही बाई येत. आपल्या डॉक्टरीणबाईंना विचारावं लागेल.”

मास्तरांनी तासभर खोलीतल्या खोलीत येरझाऱ्या घातल्या. मग भिंतीकडे बघत म्हणाले, “लाव फोन. कोड्यापुरताच हं!”

आणि गंमत म्हणजे धाकटीला ते उत्तर आलंच नाही! दात काढण्यात पटाईत, पण शब्दांच्या नावाने बोंब. “विचार करून सांगते बाबा,” एवढंच म्हणाली. पाच वर्षांनी ‘बाबा’ म्हणत होती ती! थोरलीने मोरीत जाऊन तिला गुपचूप उत्तर कळवलं आणि मग तोच परिपाठ पडला. मास्तर उठण्याआधी थोरली अख्खं कोडं मनातल्या मनात सोडवायची, त्यातले दोन शब्द ‘अडवायचे’ असं ठरवायची, उत्तरं धाकटीला ओळीने पाठवायची. पुढे मास्तरांसमोर तिचं आपलं एकच पालुपद... “नाही बाई येत.”

“तुला एवढंही येत नाही?” मास्तर कपाळाला हात लावायचे. “धाकटीचं डोकं बघ! तुझं आपलं शिवणाचं मशीनच बरं.”

ती हसायची. आई गेली तेव्हा कॉलेजचं पहिलं वर्ष अर्धवट टाकून, धाकटीच्या वेण्या घालायला आणि पुढे तिच्या फीसाठी लोकांचे कपडे शिवायला जी बसली ती बसलीच... तरी ती हसायची! मात्र मशीनवर बसली की कधीकधी टाका दिसेनासा व्हायचा, आणि मग डोळे पुसून ती पुन्हा सुई चालवायची.

बिंग फुटलं त्या दिवशी मास्तर जेवायला आले, जेवले आणि उठून पुन्हा खुर्चीत जाऊन बसले. संध्याकाळी थोरलीला राहवेना. ती त्यांच्या खुर्चीपाशी जाऊन उभी राहिली.

“बाबा, चूक माझी आहे. तिला बोल लावू नका. मीच तिला...”

“पहिल्यापासून?” मास्तरांनी विचारलं.

“हो.”

“सगळी उत्तरं तुला यायची?”

तिने नुसती मान हलवली. मग त्यांना नीट दिसत नाही हे आठवून म्हणाली, “हो बाबा. सगळी.”

“आणि मी रोज म्हणायचो, तुला एवढंही येत नाही... तेव्हा?”

“तुम्ही तसं म्हणालात ना बाबा, की तुमचं पुढचं वाक्य ठरलेलं असायचं. ‘लाव तिला फोन.’” थोरली म्हणाली. “त्या वाक्यासाठी मी आधीचं ऐकून घ्यायचे...”

जन्मभर पोरांना धाकात ठेवणारा तो माणूस लहान मुलासारखा ओठ मुडपून रडू लागला! थोरली घाबरलीच. पदराने त्यांचे डोळे पुसू लागली, तर त्यांनी तिचा हात धरून ठेवला.

“लाव फोन,” ते म्हणाले.

“आता? कोडं आणू?”

“कोडं कशाला? पोटच्या पोरीशी बोलायचंय मला!”

फोन लागला. धाकटी पलीकडून भीतभीत “बाबा, मला माफ...” म्हणू लागली, तर मास्तरांनी तिला मध्येच थांबवलं. “ते राहू दे. जावईबापूंना घेऊन ये रविवारी. माझीही दाढ दुखतेय, बघ जरा. बाहेर कुणाला नाही दाखवणार मी!” पलीकडून हसणं ऐकू आलं की रडणं, ते थोरलीला कळेना. तिला मात्र वाटलं, झालं आपलं काम! आता चहा टाकावा. ती वळली.

“कुठे निघालीस? बस इथे.”

ती बसली, समोरच्या खुर्चीच्या कडेवर, उठायच्याच तयारीत.

“तिच्याशी बोलायला मला काहीतरी निमित्त लागलं,” मास्तर सावकाश म्हणाले. “तू तर रोज माझ्यासमोर होतीस गं. निमित्तही नको होतं. तरी मी तुझ्याशी बोललोच नाही...” ते थांबले. “कॉलेज सोडलंस तेव्हा तुला काय वाटलं होतं?”

“काही नाही बाबा,” थोरली सवयीने म्हणाली. मास्तर वाट बघत राहिले. केस पांढरे होईस्तोवर तिला हे कुणी, अगदी कुणीसुद्धा विचारलं नव्हतं!

“खूप रडले होते मी, बाबा,” ती म्हणाली.

मास्तरांनी आपली खुर्ची तिच्याजवळ ओढून घेतली. “सांग,” ते म्हणाले. “सगळं सांग मला.”