फळीची कोरी बाजू

शेगडीत एक लाकूड सरकवा रे, आणि दार ओढून घ्या. उद्या टारबॉक्सांच्या घरी तुम्हाला जेवायला बोलावलंय ना? मग हे आजच ऐकून ठेवा.

वेंडेल टारबॉक्सला एक फळी घरी आणायची होती, एवढंच. सात वर्षं झाली. नोव्हेंबरचा दुसरा आठवडा. खाडीकाठचं त्याच्या आत्याचं घर नुकतंच त्याच्या नावावर झालं होतं. समुद्रापलीकडून पहिल्या जहाजांतून इथे वसायला आलेल्यांनी बांधलेलं ते घर. मधोमध धुरांडं, चुलीत माणूस उभा राहील एवढी जागा, आणि तुळया इतक्या खाली की आजही माझं डोकं आपटतं. वेंडेलला ते घर त्या लोकांसारखंच मांडायचं होतं. हातांची खुर्ची एकच, ती घरधन्याची. बाकीच्यांना तिपाया आणि बाक. भिंतीशी नवरीची पेटी. आता राहिलं होतं फक्त जेवायचं टेबल.

त्या लोकांचं टेबल म्हणजे दोन लाकडी घोडे, चार पायांचे टेकू हो, आणि वर एक सुटी फळी. जेवणं उरकली की फळी भिंतीला टेकवायची, खोली मोकळी. आत्याची फळी गोठ्याच्या माळ्यावर पडली होती. गाडी माझी, म्हणून वेंडेलने मला हाक मारली. पाइनची अखंड फळी, दीड हात रुंद. एक बाजू काळी, तेलकट, सुऱ्यांच्या घावांनी भरलेली. दुसरी कोरी. तीनशे वर्षांत एक ओरखडा नाही.

वेंडेलने कोरी बाजू वर ठेवली.

ती बाजू कोरी का, हे मला ठाऊक होतं. माझ्या आजीकडेही अशीच फळी होती. घावांच्या बाजूवर पाव कापायचा. आणि घरात कुणी गेलं की फळी उलटायची, त्याला न्हाऊ घालून कोऱ्या बाजूवर निजवायचं.

मी तोंड उघडणार, तोच वेंडेल म्हणाला, "आसाकाका, आता सुतारकी शिकवू नका. तुमचे हात कापतात. आधी नीट धरा."

मला राग आला. मी गप्प बसलो. देव मला क्षमा करो.

त्याची बायको लोइस तेव्हा सातव्या महिन्यात होती. अकरा वर्षांनी दिवस राहिले होते. मूल झालं तर दर शनिवारी दोन पाव भाजून चर्चमध्ये पोचवीन, असा तिचा नवस. पण तिने तो आधीच फेडायला घेतला होता. "देव देणारच आहे, मग मी कशाला वाट बघायची?" म्हणायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी फळी उलटलेली होती. घाव वर.

"हे ऑरिनचंच काम," वेंडेल म्हणाला. ऑरिन त्याचा धाकटा भाऊ. घरात आपलाही वाटा हवा होता असं त्याच्या मनात होतं, आणि मागच्या दाराची किल्ली त्याच्याकडे होती.

"अहो, भावोजींना स्वतःची कूस पालटायचा कंटाळा," लोइस हसली. "ते फळी कुठली पालटतायत?"

वेंडेलने कुलूप बदललं. तरी सकाळी फळी पुन्हा उलटी. रात्री त्याने जमिनीवर पीठ पसरलं. पिठावर एक पाऊल नाही, आणि फळी उलटी. तरी संशय काही जाईना. त्या सकाळी त्याने पांघरूण सारून लोइसचे तळवे पाहिले. पीठ लागलंय का म्हणून. ती जागीच होती. तिने पाय आत ओढून घेतले.

मग गुरुवार आला, चौदा तारीख. वेंडेलने फळी सरळ केली, कोरी बाजू वर, आणि घणाने घडवलेले चार जुने खिळे ठोकून ती घोड्यांना जखडली. ऑरिनला बोलावून घेतलं.

"आज इथेच बसायचं. माझ्या डोळ्यांसमोर."

"बसतो की. ती खुर्ची दे."

"खुर्ची घरधन्याची."

"मग धन्यानेच जागावं, दादा. मी तिपाईवर घोरतो."

पुढचं मला ऑरिनने सांगितलं. वेंडेल आजही बोलत नाही.

रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटं. चुलीत निखारे. आतलं दार उघडलं.

लोइस. अनवाणी. डोळे उघडे, पण बघत नव्हते...

ती फळीपाशी आली. कोऱ्या लाकडावरून हात फिरवला. अंथरूण सारखं करावं तसा. मग एक गुडघा बाकावर टेकवला. वर चढायला. निजायला.

वेंडेलला उठायचं होतं. उठता येईना.

"लोइस..."

तिला ऐकू गेलं नाही.

कर्र...

एक खिळा. आपोआप वर येत होता.

मग दुसरा. तिसरा.

ऑरिनचे दोन्ही हात स्वतःच्या मांडीवर होते. वेंडेलने ते पाहिले.

चौथा.

फळी तिच्या हाताखालून उठली. कडेवर उभी राहिली. क्षणभर... आणि धप्प. घाव वर.

लोइसने पापण्या मिटल्या, उघडल्या. बाकावर बसली. म्हणाली, "मला भूक लागलीय हो."

ऑरिन उठला, पाव आणला, आणि त्याच घावांवर कापला. वेंडेलने आपली खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

"बस," म्हणाला.

जानेवारीत मुलगी झाली. मर्सी. उद्या तुम्हाला पाव वाढेल ती. सहा वर्षांची आहे, बडबडी.

त्या शुक्रवारी सकाळी वेंडेलने मला घोडे बघायला बोलावलं. मी त्याला फळीचं सगळं सांगितलं. उशिरा सांगितलं, पण सांगितलं. तेव्हापासून ती फळी त्या घरात कुणी उचलत नाही.

एकच गोष्ट सांगितली नाही. घोडे बघायला मी दिवा घेऊन फळीखाली शिरलो होतो. कोऱ्या बाजूला, बरोबर मधोमध, ओल होती. हातभर लांब. एका टोकाला जरा गोल, तान्ह्याच्या डोक्याएवढी... मी बाहीने पुसली. परत आली.

दरवर्षी घोडे घट्ट करायच्या निमित्ताने मी खाली जातो. गेल्या रविवारीही गेलो होतो. वर मर्सी पाय हलवत जेवत होती.

मी हात लावून पाहिला.

अजून ओली आहे. हातभरच.